‘एवढी कडक औषधं कशाला?’ : अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या उपचारांबद्दल सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. भाऊ २६ वर्षांचा, हिंजवडीला नोकरी. आधी वर्षभर मूळव्याध समजून मलमं लावली, मग दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीत डाव्या बाजूचा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे प्रतिकारशक्ती बिथरून मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होणारा, दीर्घकाळ चालणारा आजार. मेसालामिन हे आतड्याची सूज उतरवणारं औषध चालू आहे, पण आठवण झाली तर. स्टेरॉइडचे तीन कोर्स झालेत आणि दरवेळी गोळी १० मिलिग्रॅमच्या खाली आणली की रक्त आणि आव परत सुरू. आता डॉक्टर अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती शांत करणारी गोळी सुरू करू म्हणतायत, ते नाही चाललं तर बायोलॉजिक, म्हणजे सुजेच्या एखाद्या ठरावीक दुव्यालाच अडवणारं इंजेक्शन. बाबांचं म्हणणं असं की तरण्या पोराला एवढी कडक औषधं कशाला, त्यापेक्षा ती छोटी स्टेरॉइडची गोळीच अर्धी-पाव चालू ठेवू, ती त्याला सूट होते. आत्याने काढा सुचवलाय. आणि पुढच्या वर्षी लग्नाचं बघायचंय.

मी गेली २२ वर्षं पुण्यात पोटविकारांचीच प्रॅक्टिस करतेय आणि बाबांचं हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर कुणीतरी बोलतंच. त्यांची काळजी अगदी खरी आहे, पण ज्या मापाने ते औषधं मोजतायत ते माप चुकतंय. औषध कडक की सौम्य हा प्रश्नच या आजारात फारसा कामाचा नाही. प्रत्येक औषधाचं एक ठरलेलं काम असतं आणि त्या कामाला एक ठरलेली मुदत असते, ते काम संपल्यावरही तेच औषध चालू ठेवलं तर सगळ्यात साधी दिसणारी गोळीच सगळ्यात जास्त नुकसान करते. आणि तुमच्या घरात नेमकी तीच गोळी सगळ्यांना सौम्य वाटतेय म्हणून एवढं लांब लिहितेय.

स्टेरॉइडपासूनच सुरू करते. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनची चाचणी प्रसिद्ध केली तोपर्यंत या आजाराचा जोराचा अ‍ॅटॅक म्हणजे जिवावरचं दुखणं होतं, स्टेरॉइडने ते बदललं, त्यामुळे स्टेरॉइड वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केलं की आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबतं, भूक लागते, झोपून असलेला माणूस उठून ऑफिसला जातो. म्हणूनच पेशंटला ती आवडते. पण १९६५ साली लंडनच्या डॉक्टरांनी हेही तपासून पाहिलं की बरं झाल्यावर रोज १५ मिलिग्रॅम चालू ठेवलं तर आजार परत येणं थांबतं का, तर नाही थांबलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांची अवस्था वेगळी नव्हती. म्हणजे बाबा जो उपाय सुचवतायत तो साठ वर्षांपूर्वीच करून बघितला गेलाय. अर्ध्या-पाव गोळीने आजार रोखला जात नाही, आणि दुष्परिणाम मात्र साठत जातात. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, डोळ्यात मोतीबिंदू, चेहरा सुजतो, चिडचिड, झोप नाही, जंतुसंसर्ग.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे असाच एक तरुण पेशंट होता, गोळी कमी केली की त्रास, वाढवली की आराम, आणि मी दुसरं औषध सुरू करायला कचरत राहिले कारण त्याच्या घरच्यांनाही ते कडक वाटत होतं आणि मलाही तेव्हा पुरेसा धीर नव्हता. दीड वर्षाने तो लंगडत आला. एमआरआयमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडल्याचं दिसलं, स्टेरॉइडचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पस्तिशीच्या आत त्याचा खुबा बदलावा लागला. पोट तर नंतर अ‍ॅझाथायोप्रिनवर छान राहिलं, जे मी वर्षभर आधी द्यायला हवं होतं. तेव्हापासून ‘सूट होते’ हा शब्द ऐकला की मी खुर्ची पुढे ओढून बसते आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगते.

तुमच्या भावाचं जे चाललंय त्याला आम्ही स्टेरॉइडवर अवलंबून असणं म्हणतो. सुरू केल्यापासून तीन महिन्यांत १० मिलिग्रॅमच्या खाली येता येत नाही किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांत आजार परत येतो, या दोन्हीपैकी एक झालं की पुढचं औषध आणायची वेळ झाली असं समजायचं. त्याच्या डॉक्टरांनी बरोबर वेळेला बरोबर गोष्ट सुचवलीय. आणि हो, यावरून कुणी घाबरून गोळी एकदम बंद करू नका, खूप दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, एकदम थांबवलं तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. आठवड्याला ५ मिलिग्रॅम असं काहीतरी डॉक्टर ठरवून देतील तसंच उतरायचं.

आता मेसालामिन. अ‍ॅझाथायोप्रिनकडे जायच्या आधी मला इथे जरा थांबायचंय, कारण तुम्ही सहज लिहून गेलात की तो गोळ्या ‘आठवण झाली तर’ घेतो आणि एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं औषध, दिला होता पण तो किळस येते म्हणून वापरलाच नाही. ताई, अर्धी गोष्ट इथेच आहे. हे औषध रक्तात जाऊन काम करत नाही, आतड्याच्या आतल्या अस्तराला प्रत्यक्ष लागून काम करतं, जखमेवर मलम लावावं तसं. याचा इतिहास फार सुंदर आहे. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टर बाईंनी सांधेदुखीसाठी सल्फासलाझिन बनवून घेतलं होतं, ते घेणाऱ्यांमध्ये कोलायटिसवालेही बरे व्हायला लागले. पण त्यात दोन घटक जोडलेले होते, मोठ्या आतड्यातले जिवाणू तो जोड तोडायचे, आणि नेमका कुठला घटक काम करतो ते कुणाला माहीत नव्हतं. १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये आझाद खान, पिरिस आणि ट्रुलव्ह यांनी दोन्ही घटक वेगवेगळे करून पेशंटना थेट एनिमातून दिले आणि दाखवलं की काम करतो तो मेसालामिनचा भाग, दुसरा नुसता वाहून न्यायला. म्हणजे हे औषध काम करतं हे सिद्धच मुळी एनिमातून झालंय.

त्याचा आजार डाव्या बाजूचा आहे, म्हणजे एनिमा जिथपर्यंत पोचतो तेवढ्यातच आहे. तोंडाने गोळी आणि खालून औषध, दोन्ही मिळून घेतलं तर कुठल्याही एकापेक्षा जास्त फायदा होतो हे आता नीट माहीत आहे. आपल्याकडे खालून घ्यायच्या औषधाबद्दल फार संकोच आहे, माझ्याकडे आलेल्या कित्येक मुलांनी खोका उघडलेलाच नसतो आणि डॉक्टरला सांगायलाही लाजतात, मग डॉक्टरला वाटतं औषध फेल गेलं. करायचं एवढंच, रात्री झोपताना संडासला जाऊन यायचं, बाटली हातात धरून जरा कोमट होऊ द्यायची, टोकाला थोडं खोबरेल किंवा व्हॅसलिन, डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा आणि हळूहळू आत सोडायचं. खाली जुना टॉवेल. पहिले तीन-चार दिवस दहा मिनिटंही थांबत नाही, सूज असते म्हणून, नंतर रात्रभर राहतं. आठ दिवसांनी किळस बिळस काही उरत नाही, शपथेवर सांगते.

गोळ्यांचं म्हणाल तर अ‍ॅटॅक चालू असताना डोस मोठा लागतो, दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅम, नंतर साधारण दोन-अडीच ग्रॅमवर आणतात. कधीकधी शीमध्ये गोळीचं टरफल दिसतं आणि घरचे घाबरून म्हणतात औषध पचतच नाही, काही ब्रँडचं नुसतं कवच तसं बाहेर येतं, औषध आतच सुटलेलं असतं. अख्खी गोळी वारंवार दिसली तर मात्र डॉक्टरांना सांगा. बरं वाटल्यावर सोडायचं का, तर नाही. शिकागोच्या डॉक्टरांचा २००३ साली एक अभ्यास आला होता, आजार शांत असलेल्या पेशंटमध्ये ज्यांनी मेसालामिन नियमित घेतलं नाही त्यांचा आजार उलटण्याचा धोका पाच पटीपेक्षा जास्त निघाला. वर्षातून एक-दोनदा क्रिएटिनिन तपासायचं, क्वचित कुणाच्या किडनीला त्रास होतो. बाकी इतकी वर्षं घेऊन सुखरूप असलेली माणसं मी रोज बघते. मग पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना खरं सांगा की गोळ्या चुकल्यात आणि एनिमा घेतलाच नाही. ते रागावतील कदाचित, पण निर्णय बदलू शकतो, निदान अ‍ॅझाथायोप्रिनचा असर यायच्या आधीचे महिने तरी सुसह्य होतील.

कारण अ‍ॅझाथायोप्रिनला वेळ लागतो. हे कुणी नीट सांगत नाही आणि पेशंट महिनाभराने ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करतो. दोन ते तीन महिने, कधी चारही लागतात. तोपर्यंत स्टेरॉइड हळूहळू उतरवत न्यायचं, एकाने काम हातात घेतलं की दुसऱ्याने सोडायचं. याचं नाव इंटरनेटवर टाकलं की किडनी ट्रान्सप्लांट आणि कॅन्सर हे दोनच शब्द दिसतात, म्हणून बाबा घाबरलेत. १९६० च्या दशकात ते किडनी ट्रान्सप्लांटसाठी वापरायला लागले हे खरं, आणि लिम्फोमा नावाच्या कॅन्सरचा धोका थोडासा वाढतो हेही खरं, मी पेशंटपासून ते लपवत नाही. पण तो धोका मुळातच फार छोटा आहे, आणि दुसऱ्या पारड्यात आहे वर्षानुवर्षं सुजलेलं आतडं, ज्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका स्वतःहून वाढतो. दोन्ही पारडी बघायला हवीत.

अ‍ॅझाथायोप्रिनची खरी भीती आपल्या लोकांसाठी वेगळीच आहे आणि ती टाळता येते. पाश्चात्त्य पुस्तकात टीपीएमटी नावाची तपासणी करा असं असतं, पण आशियाई लोकांमध्ये त्यापेक्षा महत्त्वाचं निघालं एनयूडीटी-१५ नावाचं जनुक, २०१४ मध्ये कोरियाच्या संशोधकांनी हे दाखवलं. ज्यांच्यात त्यात बदल असतो त्यांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने झपाट्याने खाली जातात आणि केस भसाभसा गळतात. ही तपासणी आता पुण्यातल्या मोठ्या लॅबकडून होते, एकदाच करायची. नाही जमली तरी औषध सुरू करता येतं, फक्त ५० मिलिग्रॅमसारख्या कमी डोसपासून आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, काटेकोर करत, दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी, मग महिन्याला, मग तीन महिन्यांनी. ही सीबीसी चुकवायची नाही, ऑफिसचं रिलीज असो की गणपती असो. पहिल्या महिन्यात पोटात वर जोरात दुखून पाठीत कळ गेली तर स्वादुपिंडाला सूज असू शकते, गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं. युरिक अ‍ॅसिडसाठी कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं तर आधी सांगायचं की मी अ‍ॅझाथायोप्रिन घेतोय, दोन्ही एकत्र आली तर पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात.

त्यानेही नाही भागलं किंवा सोसलं नाही तर पुढची पायरी. हल्ली बरेच डॉक्टर ही पायरी आधीही घेतात, आजार जोरात असेल तर तेच बरोबर असतं.

इन्फ्लिक्सिमॅब हे यातलं जुनं, अमेरिकेत १९९८ साली क्रोन्ससाठी (याच्याच जातीचा, पण लहान आतड्यातही होणारा आजार) आणि २००५ साली अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी मान्यता मिळाली. शरीरात टीएनएफ नावाचं एक रसायन सूज पेटती ठेवतं, हे औषध त्यालाच पकडून ठेवतं. सलाइनमधून देतात, किलोला ५ मिलिग्रॅम, पहिला डोस, मग दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. म्हणजे तुमचा भाऊ साठ किलोचा असेल तर दरवेळी ३०० मिलिग्रॅम. अडालिमुमॅब हे त्याच जातीचं, घरी स्वतः पोटावर टोचायचं, दोन आठवड्यांनी एकदा. वेडोलिझुमॅब वेगळं आहे, ते सूज आणणाऱ्या पेशींना आतड्यात शिरू देत नाही, बाकीच्या शरीराची प्रतिकारशक्ती फारशी हलवत नाही, म्हणून टीबीची भीती मोठी असलेल्या किंवा वयस्कर पेशंटमध्ये मला ते जास्त आवडतं, फक्त असर जरा धीमा. बघा, इथे पण ‘कडक’ हा शब्द उलटा पडतो, सगळ्यात महाग आणि नाव ऐकून भीती वाटणारं हे औषध शरीराला बहुधा स्टेरॉइडपेक्षा कितीतरी सौम्य आहे.

टीबीचं मात्र गंभीरपणे घ्या. आपल्या देशात कित्येकांच्या शरीरात टीबीचे जंतू निपचित पडलेले असतात आणि टीएनएफ हेच त्यांना कोंडून ठेवणारं रसायन असतं, ते अडवलं की जंतू बाहेर पडू शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, मँटू आणि रक्ताची टीबी गोल्ड टेस्ट, शिवाय हिपॅटायटिस बी. स्टेरॉइड चालू असताना टीबीच्या टेस्ट खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, त्यामुळे एक टेस्ट चांगली आली म्हणजे झालं असं नाही, घरात किंवा पीजीमध्ये कुणाला टीबी झाला होता का हेही सांगायचं. जंतू दडलेले वाटले तर आधी टीबी टाळण्याच्या गोळ्या सुरू करून साधारण महिन्याने बायोलॉजिक देतात. आणि सुरू झाल्यावरही संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, खोकला असं काही दिसलं तर वाट बघत बसायचं नाही.

टीबीवरून आठवलं, हे वाचणाऱ्यांमध्ये क्रोन्सचे पेशंट असतील तर त्यांच्यासाठी थोडं. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे टीबीही होतो आणि क्रोन्सही, दुर्बिणीत दोन्ही इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरही फसतो. म्हणून पुष्कळदा आधी टीबीची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघतात, जखमा भरल्या तर टीबी, नाही भरल्या तर क्रोन्सचा विचार. नुसतं ‘थोडं बरं वाटतंय’ यावर नऊ-नऊ महिने टीबीची औषधं ओढत नेऊ नका, ती दुसरी दुर्बीण मागून घ्या. आणि क्रोन्समध्ये मेसालामिनचा फारसा उपयोग नसतो. सिगारेट मात्र तो आजार नक्की वाढवते.

खर्चाचं विचारलंत. मूळ ब्रँडपेक्षा बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं जवळपास तसंच बायोलॉजिक, बरेच स्वस्त पडतात, २०१४ च्या डिसेंबरमध्ये झायडसने अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर भारतातच आणलं आणि तेव्हापासून मध्यमवर्गीय घरात हे औषध परवडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. भावाच्या कंपनीची मेडिक्लेम असेल तर एचआरला लेखी विचारा की डे-केअरमध्ये भरती होऊन मोनोक्लोनल अँटीबॉडीचं (ही बायोलॉजिक त्यातलीच) इंजेक्शन घेतलं तर किती मर्यादेपर्यंत मिळतं. विमा नियामकाने २०१९ साली ज्या आधुनिक उपचारांना वगळता येणार नाही अशी यादी काढली त्यात हे आहे, मर्यादा लावायची मुभा कंपन्यांना आहे. घरी टोचायच्या इंजेक्शनचा क्लेम बहुतेकदा अडकतो, म्हणून कधीकधी सलाइनवालं औषध महाग दिसून स्वस्त पडतं. नोकरी बदलायच्या आधीही हे बघून घ्या.

टोफॅसिटिनिब नावाची गोळीही आहे, अमेरिकेत २०१८ पासून या आजारासाठी मान्य, आपल्याकडे जेनेरिक मिळते आणि बायोलॉजिकच्या मानाने फारच स्वस्त. असर काही दिवसांतच दिसतो. पण स्वस्त आणि गोळी म्हणून ती सौम्य समजू नका. नागीण होण्याचा धोका वाढतो, रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयाचे त्रास यांच्याबद्दल इशारा आहे, विशेषतः पन्नाशीपुढचे आणि सिगारेट ओढणारे, आणि मूल हवं असलेल्या बाईला ती चालत नाही. तरुण, सिगारेट नसलेल्या मुलासाठी मी ती वापरते, आधी नागिणीची लस देऊन.

‘आयुष्यभर का’ हा बाबांचा दुसरा प्रश्न. आतडं आतून भरून आलंय का हे पेशंटला वरून कळत नाही. भिंतीला ओल आलेली असताना वरून डिस्टेंपर मारला की पुढच्या पावसापर्यंत घर छान दिसतं, तसं रक्त थांबलं म्हणून जखमा भरल्या असं होत नाही. म्हणून मी शीची फीकल कॅलप्रोटेक्टिन तपासणी करायला सांगते, ५० च्या खाली असेल तर निवांत, २५० च्या वर असेल तर आत सूज आहे असं समजायचं, मधलं असेल तर काही आठवड्यांनी परत. सहा-बारा महिन्यांनी एकदा दुर्बीण घालून खात्री करायची. वर्षानुवर्षं सगळं शांत राहिलं तर काही औषधं कमी करण्याचा विचार होतो, पण तो रिपोर्ट बघून डॉक्टरांनी करायचा, दिवाळीला भाऊ खूप बरा दिसला म्हणून घरच्यांनी नाही. आजार सुरू होऊन आठेक वर्षं झाली की कॅन्सर वेळेत कळावा म्हणून ठराविक अंतराने दुर्बीण लागते, हेही आत्ताच लिहून ठेवा.

मधेच त्रास वाढला तर मेडिकलमधून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलसारखी जंतू मारायची गोळी आणून खाणं बंद करा, हे पुण्यात घराघरात चालतं. प्रत्येक जुलाब म्हणजे कोलायटिसचा अ‍ॅटॅक नसतो आणि प्रत्येक अ‍ॅटॅक म्हणजे जंतू नसतात, आधी शीची तपासणी. अमिबा असताना स्टेरॉइड वाढवलं तर आतडं फुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. २०२५ च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रोड परिसरात जीबीएसची (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) साथ आली होती, तेव्हा कॅम्पायलोबॅक्टर हा पोटाचा जंतू सापडला होता, माझ्या या औषधांवरच्या सगळ्या पेशंटना मी तेव्हा फोन करून सांगितलं होतं की पाणी उकळूनच प्या आणि चिकन पूर्ण शिजलेलंच खा, तो सल्ला आजही लागू आहे. डोकेदुखी, पाठदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल घ्या. आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शी होतेय, सोबत ताप किंवा नाडी ९० च्या वर, तर घरी लोपेरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी देऊन थांबवायचं नाही, आतडं फुगून जिवावर बेतू शकतं, सरळ अ‍ॅडमिट करायचं. तिथे शिरेतून स्टेरॉइड देतात आणि तिसऱ्या दिवशी हिशेब करतात, उतार नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, नाहीतर ऑपरेशन. तेव्हा रक्त पातळ करायचं इंजेक्शनही देतात, नातेवाईक हमखास चिडतात की रक्त पडतंय आणि हे काय देताय, पण या आजाराच्या जोरात पायातल्या शिरांमध्ये गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात जाऊन माणूस दगावू शकतो, ते इंजेक्शन अडवू नका.

ऑपरेशनचंही नाव काढते कारण कुणी काढत नाही. १९७८ साली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी मोठं आतडं काढून लहान आतड्याचीच पिशवी करून आत जोडायची पद्धत प्रसिद्ध केली, त्यामुळे कायमची पोटावर पिशवी सगळ्यांना लागत नाही. शी दिवसातून पाच-सात वेळा होते, पण धावपळ नसते. वेळेवर केलेलं ऑपरेशन हाही एक चांगला उपचारच आहे, उशिरा केलेलं मात्र धोक्याचं.

आत्याच्या काढ्याबद्दल. आयुर्वेदाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही, माझ्याच घरात वैद्य होते. हळदीतलं करक्युमिन मेसालामिनच्या जोडीला दिल्यावर फायदा झाल्याचे चांगले अभ्यास आहेत, जोडीला, ऐवजी नाही. पण गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्या केसेस २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या, ती प्रतिकारशक्ती चाळवते आणि आपण तर ती शांत करायला बघतोय. नाव नसलेल्या पुड्या तर अजिबात नकोत, त्यात जड धातू निघालेत. वैद्यांना दाखवायचं असेल तर दाखवा, चालू औषधांची यादी त्यांना द्या, त्यांची यादी डॉक्टरांना द्या, आणि चालू औषध बंद करायला सांगणारा कुणीही असो, त्याच्याकडे परत जाऊ नका.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर मला सगळ्यात वाईट वाटतं ते दोन-दोन वर्षं मुगाची खिचडी आणि ताकावर ठेवलेल्या मुलांचं. अ‍ॅटॅकमध्ये मऊ, कमी चोथ्याचं खा, बाकी वेळी भाकरी, भाजी, वरण, अंडी, मासे सगळं. दुधाने पोट बिघडत असेल तर दूध सोडा, दही बहुधा चालतं. मिसळीचा कट एखादवेळी झोंबला तर झोंबेल, पण मिसळीने हा आजार झाला नाही आणि ती सोडून तो जाणार नाही. हिमोग्लोबिन, बी-१२, डी बघा, लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं.

आणि लग्न. लपवू नका. माझ्याकडे नवरा-बायको जोडीने येतात आणि ज्या घरात आधी सांगितलं होतं तिथे एनिमाची बाटली कपाटात लपवावी लागत नाही. अ‍ॅझाथायोप्रिन आणि मेसालामिन घेणाऱ्या पुरुषाला मूल होण्यात अडचण नाही, सल्फासलाझिनने शुक्राणू कमी होतात पण औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत परत येतात. बहुतेक मुलांना आई-बापाचा हा आजार होत नाही.

या आठवड्यात एवढं करा. सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी, जमलं तर एनयूडीटी-१५ आणि छातीचा एक्स-रे, कॅलप्रोटेक्टिन. जिवंत जंतूंची एखादी लस राहिली असेल तर अ‍ॅझाथायोप्रिनच्या आधीच डॉक्टरांना विचारा, कारण नंतर ती देता येत नाही, फ्लू आणि न्यूमोनियाची मात्र नंतरही चालते. पुढच्या व्हिजिटला बाबांना सोबत न्या, त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आणि भावाला सांगा, आज रात्रीपासून तो एनिमा सुरू कर. पंधरा दिवसांनी जमला की नाही ते मला इथेच कळवा, नसेल जमत तर फोमचा किंवा सपोझिटरीचा काही मार्ग निघतो का बघू.